रुमालाखालची उत्तरं

यंदा थंडी जरा रेंगाळतच आली. दिवाळी उलटून गेली तरी संगमनेरात पंखे फिरत होते, आणि मग एका सकाळी शाळेत पोचले तर पोरं व्हरांड्यात हातावर हात चोळत उभी. कुणाच्या कानटोप्या, कुणाच्या अंगात थोरल्या भावाचा ढगळ स्वेटर, सगळ्यांची नाकं लाल. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या मोठमोठ्याने गाणी वाजवत कारखान्याकडे चालल्या होत्या. मी वर्गात शिरले, पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून खडू माझ्या हातात ठेवला आणि तिची गारठलेली बोटं माझ्या तळव्याला लागली. झालं. हजेरी घेता घेता मी त्या एका जुन्या हिवाळ्यात जाऊन बसले.

लोकांना थंडी कानाला लागते, पायांना लागते. मला ती तळहाताला लागते. मी डोळे मिटलेले असताना कुणी पोराचा गार हात माझ्या हातात दिला तर मला आधी कांद्याच्या रोपांचा वास येतो, मग म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, आणि त्यामागून एक चेहरा येतो, खालचा ओठ दातांत धरलेला.

ती थंडी नेवासा तालुक्यातली. माझी नोकरी नवीकोरी. घोडेगावच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत गेलं की एक वस्ती होती आणि तिथे चौथीपर्यंतची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, आणि एक मी. खोल्यांमध्ये एवढा गारठा असायचा की पाटीसुद्धा हातात धरवत नसे. म्हणून परिपाठ झाला की आम्ही बसकरपट्ट्या घेऊन बाहेर उन्हात यायचो. ऊन सरकेल तसा वर्ग सरकायचा. प्रार्थनेला भिंतीपाशी असलेली चौथी मधल्या सुट्टीपर्यंत हापशाजवळ पोचलेली असायची. शेजारच्या वावरात बायका कांदे लावत असायच्या, कालव्याचं पाणी सुटलं की ओल्या मातीचा वास यायचा आणि त्यात स्वयंपाकखोलीतल्या खिचडीच्या फोडणीचा वास मिसळायचा. पोरांचे खिसे बोरांनी आणि हरभऱ्याच्या घाट्यांनी फुगलेले. पाढे म्हणताना तोंडं हलायची, पण त्यातली पाढ्यांसाठी किती आणि बोरांसाठी किती, हे मला कधी ओळखता आलं नाही.

मी मात्र तिथे मोठ्या तयारीने गेले होते. मुलांचा आत्मविश्वास कसा वाढवावा, हे मला अभ्यासक्रमात शिकवलेलं होतं. उत्तर आलं की टाळ्या. चांगलं अक्षर आलं की कपाळावर चिकटणारी कागदी चांदणी. बुजऱ्या मुलाला मुद्दाम पुढे बोलवायचं, गटप्रमुख करायचं, फळ्यावर लिहायला लावायचं. जणू आत्मविश्वास म्हणजे खिचडीतली डाळ, पळीने वाढली की ताटात पडलीच. मी उत्साहाने वाढत सुटले होते. बरीच पोरं खूश होती, खोटं का बोला. चांदणी लावलेलं कपाळ घेऊन ती घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी तेच कपाळ न धुता घेऊन यायची.

फक्त वैजू सोडून.

वैजयंता चौथीत होती. तिचे वडील रावसाहेब. आमच्या नगर जिल्ह्यात साहेबांना तोटा नाही. भाऊसाहेब नांगर धरतात, अण्णासाहेब दूध घालतात, बाबासाहेब पंक्चर काढतात. हे रावसाहेब जनावरांचे व्यापारी होते, त्यांच्या भाषेत हेडी. अंगाने आडदांड, खांद्यावर कायम एक चौकटीचा रुमाल, आणि बोलायला लागले की समोरच्याला गप्प बसण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांची ही पोर शाळेत एक अक्षर बोलत नसे. हजेरीला फक्त हात वर करायची. वहीत लिहिलेलं बहुतेक बरोबर असायचं, गणितं तर हमखास. पण उभं राहून वाचायला सांगितलं की खालचा ओठ दातांत धरायची आणि नजर पायाच्या अंगठ्यावर. दुसरीत असताना वाचनात काहीतरी चुकलं होतं म्हणे, वर्ग हसला, आणि ते हसू बरेच दिवस तिच्या मागे घरापर्यंत गेलं. तेव्हापासून तिने शाळेत तोंड बंद केलं ते केलंच. पोरं तिला सरळ ‘मुकी’ म्हणायची. त्यात त्यांना काही वावगंही वाटत नसे.

मी माझी सगळी हत्यारं तिच्यावर चालवली. टाळ्या वाजवल्या तर तिची मान आणखी खाली गेली. चांदणी लावली तर माझी पाठ वळताच तिने ती नखाने खरवडून काढली. गटप्रमुख केलं त्या दिवशी ती शाळेतच आली नाही. मला तिचा राग यायचा, माझ्या पुस्तकांचा त्याहून जास्त यायचा, आणि तरी ती पोरगी मला फार आवडायची. का, ते सांगता येणार नाही. काही मुलं आवडतात.

एकदा रावसाहेब मोटारसायकल शाळेपुढे उभी करून म्हणाले, “बाई, हिची चौथी झाली की बास करायचं म्हनतो.”

“का हो? गणितात चांगली आहे ती.”

“आसंल. पर पाचवी दुसऱ्या गावात. रस्ता हाय, मोठी पोरं हायेत, नवे मास्तर. ही तर तोंड उघडत न्हाई. उद्या कुनी तरास दिला तर सांगनार कुनाला? त्यापरीस घरी ऱ्हाईल, म्हशी बगंल.”

“घरी बोलते का?”

“घरी बोलती की. लई बोलती. म्हशींसंगं तर भांडती.” ते हसले आणि मग हसू आवरून म्हणाले, “हितं बोलली आसती तर मी कशाला आडवलं आसतं? बोलली तर धाडू. न्हाई तर न्हाई.”

माणूस वाईट नव्हता. मुलीची काळजी होती आणि त्या काळजीवर त्याला सुचलेला इलाज हा एवढाच होता. मला भांडता आलं असतं, कायदा सांगता आला असता. पण जी शाळेत बोलत नाही तिला शाळेतच का ठेवायचं, या त्याच्या प्रश्नावर माझ्याकडे त्या वेळी चांदण्यांच्या पाकिटाशिवाय काही नव्हतं. त्या दिवसापासून मला झोपताना एकच गोष्ट दिसायची: वैजूचं दप्तर खुंटीला टांगलेलं.

घोडेगावचा जनावरांचा बाजार हा आमच्या शाळेचा मोठाच वैरी. बाजाराच्या दिवशी वर्ग ओस पडायचा. मी चिडले की मोठे गुरुजी म्हणायचे, “बाई, आज खरी शाळा तिकडं भरलीय.” एकदा मी रागारागाने शाळा सुटल्यावर ती खरी शाळा बघायलाच गेले. धुरळा, कडब्याच्या पेंढ्या, रंगवलेली शिंगं, तेल लावून चकचकीत केलेल्या म्हशी, चहाच्या पातेल्यांची वाफ. माझी गैरहजर पोरं ज्याच्या त्याच्या बापाजवळ उभी होती आणि मला पाहून म्हशींच्या आड होत होती. त्या गदारोळात एका ठिकाणी मात्र अगदी शांतता होती. रावसाहेब आणि एक अनोळखी शेतकरी हातात हात देऊन उभे होते आणि त्या हातांवर तो चौकटीचा रुमाल टाकलेला होता. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. एक आभाळाकडे, एक दुसऱ्याच कुणाच्या बैलाकडे. रुमाल मधूनच हलायचा. भोवती माणसं उभी होती, पण कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

सौदा उरकल्यावर मी रावसाहेबांना त्याबद्दल विचारलं. विषय त्यांच्या आवडीचा निघाला, मग काय.

“ह्यो रुमालाखालचा भाव, बाई. एक बोट धरलं म्हंजी एक, पंजा धरला म्हंजी पाच. शंभराचं का हजाराचं, तेवडं फकस्त तोंडानं. आकडा बोटातच ऱ्हातो.”

“पण एवढी लपवाछपवी कशाला?”

“आवो, मोठ्यांदा बोललं की मानूस आडकतो. चार लोकांत शबुद गेला की गेला, मागं फिरता येत न्हाई. आन चुकला तर लोक हासत्यात. रुमालाखाली चुकलं तर काय बिगडलं? पुन्यांदा बोट धरायचं. बाजारात नवा आलेला मानूस रुमालाखालीच शिकतो. आन रुमालाखाली जे झालं ते कुनी कुनाला सांगायचं न्हाई, ही इथली रीत.”

हा माणूस आपल्याच पोरीची गोष्ट मला समजावून सांगत होता आणि त्याच्या ते गावीही नव्हतं.

सोमवारी मी माझ्या कपाटातला एक मोठा रुमाल घेऊन शाळेत गेले. पोरांना म्हटलं, आजपासून पाढ्यांची उत्तरं तोंडाने द्यायची नाहीत. आधी दशकाची बोटं, मग एककाची. उत्तर बरोबर असेल तर मी हात सोडून देणार. चुकलं तर अंगठा हलकेच दाबणार, म्हणजे ‘पुन्हा बघ’. किती वेळा पुन्हा बघितलं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही आणि मीही सांगणार नाही. पोरांना यातलं काही शिकवावं लागलं नाही. ती रीत त्यांच्या रक्तातच होती. एकेकजण येऊन माझ्यापुढे बसायचा, हात रुमालाखाली घालायचा आणि बापासारखा आभाळाकडे बघायचा. मला हसू आवरेना.

त्या हिवाळ्यात मला प्रत्येक पोराचा हात ओळखू यायला लागला. कुणाच्या तळव्याला दाव्याने पडलेले घट्टे, कुणाची बोटं बोरांनी चिकट, कुणाची नखं कांद्याच्या मातीने काळी. एरवी वर्गात चुकणारं पोर मला फक्त चुकलेलं दिसायचं. रुमालाखाली त्याचं चाचपडणं कळायचं. आधी आठ, मग थांबणं, मग एक बोट कमी. ते एक बोट कमी होताना जो विचार चालायचा तो मला हाताला लागायचा. शिकणं ही इतकी हळवी गोष्ट आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

वैजू पहिल्यांदा आली तेव्हा तिचा हात थंडगार होता. मी सातआठे विचारलं. बोटं आली ती चुकली. मी अंगठा दाबला. तिने झटकन माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वर्गाकडे. कुणाचं लक्ष नव्हतं, कुणाला काही कळलेलं नव्हतं. मागे दोघं बोरावरून भांडत होती. तिने खालचा ओठ सोडला, पुन्हा बोटं धरली, पंजा आणि मग पंजाच्या वर एक. छप्पन्न. मी हात सोडला, पण तिने माझा सोडला नाही. तिला आणखी एक पाहिजे होतं.

मग तर ती रांगेत सगळ्यांच्या पुढे. सुट्टीत पोरं आपापसात रुमाल टाकून खेळायला लागली आणि त्या खेळात वैजू होती. मोठे गुरुजी हापशाजवळून म्हणाले, “बाई, ही शाळा आहे का बाजार?” पण म्हणताना तेही हसत होते.

हे गुरुजी फार मायाळू. आवाज मात्र असा की वस्तीच्या पलीकडच्या टोकाला कळावं. एकदा ते माझ्या जागेवर बसले, वैजूचा हात घेतला, तिने अवघड उत्तर पहिल्याच फटक्यात दिलं आणि गुरुजींना काही तो आनंद आवरला नाही. “अरे वा! मुकीला येतंय की सगळं! टाळ्या वाजवा रे!”

टाळ्या वाजल्या नाहीत. वैजूने हात काढून घेतला आणि ती उठून पार भिंतीशी जाऊन बसली. मग एक पोरगं धीर करून म्हणालं, “गुर्जी, रुमालाखालचं बोलायचं नसतं.” दुसऱ्याने सांगितलं, “बाजारात आसं केलं तर पुन्यांदा कुनी हात देत न्हाई.”

आणि खरंच वैजूने त्यानंतर हात दिला नाही. संक्रांत तोंडावर आली तरी ती भिंत सोडीना. मी रुमाल घेऊन तिच्याजवळ जाऊन बसायची, ती हात पाठीमागे घ्यायची. गुरुजींचं तोंड उतरलेलं. त्यांना वाईट वाटतंय हे सगळ्यांना दिसत होतं, पण मोठ्या माणसाने पोराची समजूत कशी काढावी, याचा त्यांना सराव नव्हता. शेवटी तोडगा पोरांनीच काढला. गुरुजींनी रीत मोडली, तर गुरुजींनीच रुमालाखाली उत्तरं द्यायची. पाढा एकोणतीसचा. आणि हात धरणार वैजू.

गुरुजी मुकाट्याने बसकरपट्टीवर बसले. वैजू भिंतीपासून उठून येईल का, हे मला ठाऊक नव्हतं. ती आली. रुमाल पडला. पोरं एकेक प्रश्न विचारत होती, गुरुजी बोटं धरत होते आणि मधूनच त्यांचे डोळे विस्फारत होते. म्हणजे अंगठा दाबला जात होता. थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला. वैजू बैलाकडे बघावं तशी दूर कुठेतरी बघत होती, पण तिचे गाल फुगत फुगत चालले होते आणि एका क्षणी ते फुटले. ती हसली, खळखळून, आवाज करून. शाळेत मी ऐकलेला तिचा पहिला आवाज तो. गुरुजी किती वेळा चुकले, हे नंतर मी तिला हळूच विचारलं. तिने ठामपणे नाही म्हणून मान हलवली आणि ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

आज माझ्या वर्गात भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर हत्ती नाचत पाढे म्हणतो. पालक मोबाईल हातात घेऊन येतात आणि म्हणतात, “मॅडम, हिला कॉन्फिडन्सच नाही हो, काहीतरी करा.” नव्याने लागलेल्या शिक्षिका विचारतात, तुमचा तो रुमालाचा उपक्रम आम्हाला सांगा ना, आम्हीही राबवतो. मी सांगते, पण संगमनेरच्या या पोरांना मी रुमाल लावत नाही. त्यांनी बाजार पाहिलेला नाही, त्यांना तो नुसता जादूचा खेळ वाटेल. त्यांच्यासाठी दुसरं काही. आधी शेजारच्याच्या कानात सांगा, मग मला. किंवा पाटीवर लिहा आणि पुसून टाका, मी बघणारसुद्धा नाही. प्रत्येक वर्गाला चुकायला एक आडोसा लागतो आणि तो त्या गावातच कुठेतरी पडलेला असतो. तो शोधायला मजा येते, हे मात्र मी सगळ्यांना सांगते. पोरांना शिकण्यात गोडी वाटावी असं वाटत असेल तर आपल्यालाही ती वाटलेली बरी.

आणि तरी आडोसा म्हणजे सगळं नव्हे, हेही मला त्या हिवाळ्यात उमगत होतं. वैजू हसत होती, खेळत होती, बोटांनी सगळं सांगत होती. बोलत मात्र नव्हती. रावसाहेबांचं म्हणणं जागच्या जागी होतं. बोलली तर धाडू.

संक्रांतीनंतर ते एका सकाळी तिळगूळ घेऊन आले. शाळेत बाजार भरतो ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच होती. “काय बाई, आमचाच धंदा काढला म्हनं तुमी!” म्हणत ते ऐसपैस मांडी घालून उन्हात आमच्यात बसले. “ये गं वैजे. दाव बापाला काय शिकलीस.”

वैजू त्यांच्यापुढे बसली. मी माझा रुमाल द्यायला गेले, तिने तो घेतला नाही. वडिलांच्या खांद्यावरचा ओढून घेतला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

“इचारा बाई,” रावसाहेब म्हणाले. पण मी काही विचारायच्या आतच रुमाल हलला. रावसाहेब सवयीने कांद्याच्या वावराकडे बघत होते, तोंडावर गिऱ्हाइकासमोरचं हसू होतं. ते हसू हळूहळू गेलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग रुमाल त्यांच्या बाजूने हलला. वैजूने मान हलवली, नाही. पुन्हा तिच्या बाजूने. पुन्हा त्यांच्या. मला काही कळत नव्हतं, कुणालाच कळत नव्हतं, पण पोरं बोरं चघळायची थांबली होती. मोठे गुरुजी दारात येऊन उभे राहिले होते आणि त्यांनी आपलं तोंड हाताने झाकून धरलं होतं.

वैजूने रुमालाखालून हात काढला. ती उठून उभी राहिली. तिचा ओठ दातांत गेला आणि बाहेर आला.

“चार न्हाई,” ती म्हणाली. आवाज जाड होता, घोगरा, आणि हवा त्यापेक्षा बराच मोठा. “चौथी बास न्हाई. मला पाचवीला जायाचंय.”

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हसलंही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही. रावसाहेबांचा हात अजून रुमालाखालीच होता, एकटाच. त्यांनी पोरांकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एवढ्या सगळ्यांनी ऐकलं होतं. मग ते सावकाश उठले, धोतर झटकलं, आणि लेकीकडे न बघता मला विचारलं,

“बाई, पाचवीची शाळा सकाळची आसती का दुपारची?”